भीतीने उतरवलेला विंचू

उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, नाहीतर कोकणात जाऊन आंबे खातात. मी मराठवाड्यात निघाले आहे, तेही दुष्काळाच्या वर्षी, हे कळल्यावर आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्कने आधी माझ्या रजेच्या अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बदली झाली का मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं. त्या बाजूला माणूस जातो तो बदलीवर, आणि बदली होते ती शिक्षा म्हणून, अशी पुण्यात ठाम समजूत आहे. मी म्हटलं, हौसेने जातेय. त्यावर त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

खरं कारण सांगायला वेळ लागला असता. मी डॉक्टरकीच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात उंदीर घाबरवते. घंटा वाजवायची आणि लगेच उंदराच्या पायाला विजेचा बारीकसा झटका द्यायचा. असं काही दिवस केलं, की नुसती घंटा वाजली तरी उंदीर जागच्या जागी थिजतो. अशा वेळी त्याच्या शेपटीवर दिव्याची आच धरली, तर एरवी चटकन बाजूला जाणारी शेपटी कितीतरी वेळ हलतच नाही. घाबरलेल्या उंदराला दुखत नाही. मेंदूच्या देठात, अगदी मध्यरेषेवर, पेशींचे लहानसे पुंजके असतात. तिथून निघालेले तंतू पाठीच्या कण्यातून खाली उतरतात, आणि अंगावरच्या इजेची बातमी ज्या दारातून कण्यात शिरते, त्या दाराशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. दार लोटलं जातं. इजा व्हायची ती होतेच, बातमी तेवढी वर पोचत नाही. सेरोटोनिन तयारच होऊ न देणारं औषध उंदराला दिलं, तर घंटा ऐकून तो पूर्वीसारखाच थिजतो, पण शेपटी मात्र लगेच खेचून घेतो. भीती उरते आणि भीतीने दिलेली सवलत जाते.

हे सगळं एकट्या सेरोटोनिनचं काम नाही, अफूच्या जातीची मेंदूतली रसायनंही त्यात आहेत. पण माझा जीव जडला तो सेरोटोनिनवर. वाघाच्या तोंडून सुटायचं असेल तर पायातला काटा दुखून चालत नाही, एवढा विचार निसर्गाने केव्हाच करून ठेवला आहे, याचं नवल इतकी वर्षं उंदीर पाहूनही माझ्या मनातून गेलं नव्हतं. फक्त ते नेहमी उंदराच्या बाबतीतच वाटायचं.

अशात माझी वर्गमैत्रीण निर्मला पुण्याला आली. ती देवणीच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर. जेवताना सहज म्हणाली, "आमच्याकडे एक नालबंद विंचू उतरवतो. मंत्रबिंत्र काही नाही. माणसाला घाबरवतो आणि दुखणं खरंच कमी होतं." माझा हातातला घास तसाच राहिला. वैशाखात मी निघाले.

नांदेड

मनमाडला गाडी बदलावी लागते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नांदेडला सकाळी उतरले आणि आधी गोदावरी पाहायला गेले. नदी म्हणजे बहुतेक वाळूच होती. मध्ये कुठे हिरवट डबकी, आणि काठापासून आत बायकांनी वाळूत झिरे खणलेले. झिऱ्यात वाटीने पाणी भरून घागरीत ओतायचं, मग पुन्हा पाझरेपर्यंत बसून राहायचं. त्या बसलेल्या वेळात त्यांच्या गप्पा मजेत चालल्या होत्या. माझ्या घरी नळाला पाणी अर्धा तास उशिरा आलं की मी शेजाऱ्यांशी भांडते.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवर माझ्या एका बाजूला फेटेवाला शेतकरी, दुसऱ्या बाजूला पंजाबहून आलेली म्हातारी. वाढणाऱ्याने रोटी हातांत घ्यायला लावली, ताटात टाकली नाही. मी दोन्ही हात पसरले तेव्हा जरा अवघडल्यासारखं झालं, पण दुसऱ्या रोटीला अंगवळणी पडलं. डाळ दाट होती आणि आग्रह नव्हता. तुम्ही कुठले, आडनाव काय, हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडे पंगतीत मीठ वाढून होईपर्यंत माणसाची अख्खी वंशावळ काढून झालेली असते.

माझ्या पिशवीत एक चिमटा होता. बोटाला लावून फिरकी पिळत जायचं, म्हणजे दाब वाढत जातो, आणि माणूस 'दुखलं' म्हणाला की तबकडीवरचा आकडा वाचायचा. उदगीरच्या एसटीत जागेसाठी पिशवी इकडून तिकडे करताना तो खाली पडला आणि घरंगळत थेट कंडक्टरच्या पायाशी गेला.

"हे काय हाय बाई?" त्याने उचलून विचारलं.

"दुखणं मोजायचं यंत्र आहे."

"मोजल्यावर कमी व्हतं?"

"नाही."

"मग कशाला मोजून राहिले?" असं म्हणून त्याने तो मला परत दिला आणि पुढची तिकिटं फाडू लागला. या प्रश्नाचं उत्तर मी आजवर अनेक समित्यांना दिलं आहे, पण तोवर तो पुढच्या बाकाशी पोचला होता.

उदगीर

नांदेड मागे पडलं की काळी जमीन सुरू होते. ती इतकी भेगाळली होती की काही भेगांत माझा हात कोपरापर्यंत गेला असता. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी दुष्काळी कामं चालू होती. पोत्याचा आडोसा करून बायका खडी फोडत होत्या आणि बाभळीच्या फांद्यांना त्यांच्या लेकरांच्या झोळ्या बांधलेल्या होत्या. गाडी जसजशी पुढे जाई तसतशी मागच्या बाकांवरची भाषा बदलत गेली. मुखेडपर्यंत मराठी, मग तीत तेलुगू शब्द मिसळले, आणि उदगीर जवळ आलं तेव्हा दोन म्हाताऱ्या कानडीत भांडत होत्या. भांडण मात्र मला पूर्ण समजलं, कारण ते सुनांबद्दल होतं.

उदगीरच्या स्टँडजवळ धपाटे आणि दही खाल्लं. ज्वारीच्या पिठात तिखट, लसूण आणि तीळ घालून थापलेले ते धपाटे मी तीन खाल्ले आणि चौथ्याकडे बघत राहिले. पाणी मागितल्याशिवाय मिळणार नाही, अशी पाटी भिंतीवर होती. पुण्यातही ते मागितल्याशिवाय मिळत नाही, पण तिथे दुष्काळ नसतो.

देवणी

निर्मलाच्या दवाखान्याच्या पाटीवर 'जिल्हा'च्या पुढचं 'उस्मानाबाद' रंगाने पुसून त्यावर 'लातूर' लिहिलं होतं, आणि उन्हाने वरचा रंग उडून खालचं नाव पुन्हा डोकावत होतं. "नवा जिल्हा झालाय," निर्मला म्हणाली. "रोग जुनेच आहेत, बैठका तेवढ्या नव्या." परवा तिला अशाच एका बैठकीला लातूरला जायचं होतं. त्याआधी तिने मला इमामसाबांकडे नेलं.

इमामसाब नालबंदांचं अंगण गावाच्या टोकाला, एका उंच दगडी भिंतीच्या सावलीत आहे. मी गेले तेव्हा एक बैल दोरांनी आडवा पाडलेला होता आणि ते त्याच्या खुराला लोखंडी पत्री ठोकत होते. साठीच्या पुढचे, बारीक, दाढी मेंदीने लाल. बैल उठला, तसे तेही उठले आणि धोतराला हात पुसत आले. निर्मलाने ओळख करून दिली आणि मला तिथे सोडून ती दवाखान्यात गेली.

"चाचा, तुम्ही विंचू कसा उतरवता?"

"मी कुठं उतरवतो बाई? त्यो उतरवतो." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक देवणी जातीचा वळू बांधलेला होता. अंग पांढरं, तोंड आणि कान काळे, आणि गळ्याखालची कातडीची पोळी पार गुडघ्यांपर्यंत लोंबलेली. चारा कमी म्हणून बरगड्या दिसत होत्या, तरी त्याचं मस्तक पाहून मी नकळत एक पाऊल मागे घेतलं.

"मंत्र नाही म्हणत?"

"माझे वालिद म्हनायचे. मंतरानं न्हाई उतरला की मग बैल सोडायचे. मी बघितलं, निम्म्या वेळी बैलच लागतो. म्हनून मंतर सोडून दिला, बैल ठेवला."

मला तो माणूस एकदम आवडला. मग मी माझी विद्या सांगायला घेतली. त्यांनी दाखवलेल्या भिंतीजवळच्या दगडावर बसून मी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला, फिरकी पिळली, आणि चांगलं दुखायला लागलं तेव्हा आकडा वाचून दाखवला. इमामसाबांनी मान डोलावली, "हाव, हाव," म्हणत ते उठले आणि मागे गेले. मी आपली बोलतेच आहे.

पुढे काय झालं ते मला नीट क्रमाने आठवत नाही. खुरांचा आवाज, धूळ, आणि समोर ते काळं तोंड, खाली झुकलेलं. शिंगं माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याच्या श्वासाची ऊब तोंडावर आली. कासऱ्याचं दुसरं टोक इमामसाबांच्या मुठीत होतं आणि कासरा ताणला गेला होता. वळूने एकदा फुस्स केलं आणि तो वळून निघून गेला. हे त्याचं रोजचंच काम होतं.

"कुठवर हाय?" इमामसाबांनी लांबूनच विचारलं.

"काय?"

"दुख."

मी बोटाकडे पाहिलं. चिमटा तसाच होता. उलट पळण्याच्या नादात तो भिंतीवर आपटून तिरका झाला होता आणि नखाच्या कडेने रक्त येत होतं. मला काहीही वाटत नव्हतं. बोट दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं मी ते पाहत राहिले. जे मी हजार उंदरांत पाहिलं होतं, ते आत्ता माझ्या कण्यात चाललेलं होतं. मला न विचारता, मला न कळवता, मध्यरेषेवरच्या त्या पुंजक्यांनी दार लोटून घेतलं होतं. मी त्या भिंतीशी बसून चक्क रडले. भीतीने असेल, पण मला तरी ते आनंदाचं रडणं वाटलं.

चहा येईपर्यंत बोट ठणकायला लागलं. "आधी सांगायचं होतंत की," मी म्हटलं.

"सांगून बी भ्याला असता. बसा पुन्यांदा."

मी पुन्हा बसले. कासरा किती लांब आहे ते आता माहीत होतं, वळू थांबणार हेही माहीत होतं. तरी तो आला तेव्हा छातीत धस्स झालं आणि बोटाचा ठणका विझला. माझ्या मेंदूच्या वरच्या मजल्याला ठाऊक होतं ते खालच्या मजल्याने ऐकलंच नाही. तो दिवस आणि दुसरा दिवस मी त्या अंगणात काढला. पत्री मारायला आलेले शेतकरी गंमत म्हणून दगडावर बसत, मी आधी आणि नंतर चिमटा लावी. बहुतेकांचा आकडा वळू येऊन गेल्यावर चढलेला असे, म्हणजे जास्त दाबल्याशिवाय दुखतच नसे. संध्याकाळी निर्मलाकडे भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ ताक. मी जेवता जेवता इतकी बोलत होते की ती म्हणाली, "मालू, आता गिळ."

तिसऱ्या दिवशी निर्मला दवाखान्याची जीप घेऊन लातूरला गेली. दुपारी मी अंगणात असताना रस्त्याकडून आरडाओरडा आला. खडीच्या कामावरच्या बायका एकीला धरून आणत होत्या, मुकादम पुढे पळत होता. तिचं नाव गयाबाई, वय पंचविशीच्या आसपास. दगड उचलताना डाव्या हाताच्या बोटाला विंचू लागला होता. तो हात दुसऱ्या हाताने दाबून धरून ती ओरडत होती, आणि ते ओरडणं ऐकवत नव्हतं.

इमामसाबांनी तिला दगडावर बसवलं. "कुठवर हाय?"

"खांद्याला. मेले की वो चाचा."

वळू सुटला. गयाबाईने त्याला पाहिलं आणि तिचं ओरडणं मध्येच तुटलं. ती भिंतीला चिकटली. शिंगं तिच्यासमोर थांबली, कासरा ताणला, वळू मागे फिरला.

"आता?"

"कोपराला," ती पुटपुटली.

पुन्हा एकदा वळू. "मनगटाला." तिसऱ्या खेपेनंतर तिने हात वर करून पाहिला, बोटं उघडली, मिटली. "गेलं की," ती म्हणाली. बायकांनी "उतरला, उतरला" असा गलका केला. इथली रीत अशी, की विंचू उतरला की गुळाचा खडा वळूला आणि तसाच एक माणसाला द्यायचा. कुणीतरी तिच्या तोंडात गूळ घातला. मी बाजूला उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. खांदा, कोपर, मनगट. एका बाईच्या कण्यात माझं सेरोटोनिन एकेक दार लोटत खाली चाललेलं मी डोळ्यांनी पाहिलं, असंच मला वाटलं.

आकडा घ्यावा म्हणून मी पुढे झाले आणि तिचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता. त्या वैशाखाच्या उन्हात, जिथे दगडाला हात लावला तर चटका बसत होता, तिथे तिचा हात गार आणि ओला होता. दुसराही तसाच. कपाळावरून घाम निथळत होता, तोंडात पाणी सुटत होतं आणि गूळ गिळवत नव्हता. मी नाडी पाहिली. ती धावत होती आणि मध्येच अडखळत होती.

"हिला उदगीरला न्यायला हवं. आत्ता," मी म्हटलं.

"उतरला की बाई," मुकादम म्हणाला. "आमी समद्यांनी बघितलं."

"दुखायचं थांबलंय. विष अंगातच आहे."

"दुखत न्हाई तर विष कसं राहीन?" एक म्हातारी म्हणाली, आणि हे तिला इतकं उघड वाटत होतं की ती माझी समजूत घालायला माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. या मुलखात विंचवाचं विष आणि विंचवाचं दुखणं या दोन गोष्टी नाहीतच. दुखणं जिथवर चढलं तिथवर विष चढलं. दुखणं उतरलं म्हणजे विष उतरलं.

गयाबाई उठून उभी राहिली. "जाऊ द्या मला. लेकरू झोळीत हाय. पाजायचं राह्यलंय." दोन पावलं टाकून ती तोल जाऊन पुन्हा खाली बसली, आणि उन्हामुळे झालं म्हणाली.

मी इमामसाबांकडे वळले. ते जर 'उतरला' म्हणाले तर ही बाई कामावर परत जाणार आणि संध्याकाळपर्यंत बाभळीखाली मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यांच्यापुढे माझा शब्द इथे कवडीमोलाचा होता. मी माझं काळं-निळं बोट त्यांच्यापुढे धरलं.

"चाचा, परवा वळू आला तेव्हा हे दुखायचं थांबलं होतं. रक्त थांबलं होतं का?"

खाली वाकून त्यांनी गयाबाईचा हात हातात घेतला, मग गालाला हात लावला. रोज बैलांचे पाय धरणाऱ्या त्या हाताला गारवा कळला.

"काळा व्हता का तांबडा?" त्यांनी विचारलं.

"तांबडा. बारका व्हता," दुसरी बाई म्हणाली. काळा विंचू दुखवून सोडतो, तांबडा बारका असला तरी जीव घेतो.

इमामसाब सावकाश उभे राहिले. "न्हाई उतरला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दुख उतरली. इच्चू हितंच हाय."

"चाचा, तुमचा बैल कदी चुकला न्हाई," म्हातारी म्हणाली.

"बैल न्हाई चुकला. मी चुकलो. अप्पाला हाक मारा."

अप्पा म्हणजे शिवलिंगप्पा, गावातले व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात मलमलचा सदरा. जनावरांच्या छावणीला जाणारा त्यांचा कडब्याचा ट्रक दुकानासमोर भरून उभा होता. त्यांनी एकदा गयाबाईकडे पाहिलं, एकदा ट्रककडे. "चला," ते म्हणाले, "ढोरं बघतील दोन तास वाट." कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारून खोबण केली आणि तिला पेंढ्यांना टेकवून बसवलं. मी आणि इमामसाब तिच्या दोन बाजूंना. वाटेत खडीच्या कामावर ट्रक थांबवून तिचं लेकरू घेतलं. ते इमामसाबांच्या मांडीवर दाढी ओढत बसलं.

उदगीरची वाट फार लांब नाही, पण ती मला संपेना. गयाबाईला खोकला सुटला होता आणि ओठांशी फेस येत होता. ती आडवी होऊ पाहायची, मी तिला उठवून बसवायची. "दुखतंय का?" मी दर थोड्या वेळाने विचारत होते, आणि ती मान हलवून नाही म्हणायची. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच कुणाला तरी दुखावं म्हणून मनातून विनवत होते. तिच्या त्या न दुखण्यात भीती किती आणि विष किती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येणार नाही. तांबड्या विंचवाचं विष फार चढलं की जागेवरचं दुखणं असंही मागे पडतं म्हणतात, आणि विष ओसरू लागलं की ते परत येतं.

इमामसाबांनी मध्येच विचारलं, "माझ्या बैलानं जास्ती झालं का?"

खोटं बोलावंसं वाटलं. या विषाने अंगात जे वादळ उठतं, तेच भीतीनेही उठतं. तिच्या हृदयावर आधीच इतकं ओझं असताना आम्ही तीनदा वळू सोडला होता, आणि मी तिथे उभी राहून भारावून गेले होते.

"झालं असेल," मी म्हटलं. त्यांनी लेकराला छातीशी धरलं.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने माझं अर्धं वाक्य ऐकूनच तिला आत घेतलं, उशा लावून बसतं केलं, प्राणवायू लावला, इंजेक्शनं दिली. "पहाटेपर्यंत काही सांगता येत नाही," तो म्हणाला. त्याहून जास्त तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं. अप्पांनी कडबा छावणीला पाठवला आणि स्वतः दूध घेऊन आले. लेकराला ते वाटी-चमच्याने इमामसाबांनीच पाजलं.

व्हरांड्यात बसून मी विचार करत होते. काही विंचवांच्या विषात सेरोटोनिन सापडतं. तेच रसायन, जे कण्यात दुखण्याचं दार लोटतं, ते कातडीखाली टोचलं तर आग आग करतं. बोटाच्या टोकाशी ते आग लावतं आणि कण्यात उतरून तीच आग विझवतं. काय करायचं हे त्या रसायनाच्या अंगात नाहीच, ते कुठे उभं आहे यावर सगळं ठरतं. मी हे वर्गात दरवर्षी शिकवते, दोन ओळींत. त्या व्हरांड्यात मला ते पेलवेना. इतक्या मोठ्या व्यवस्थेच्या आत आपण राहतो आणि तिथे आपल्याला कुणी काही विचारत नाही, याने मी इतकी दबून गेले की हात जोडावेत असं वाटलं. आत एक बाई श्वासासाठी झगडत होती आणि मी हात कुणाला जोडणार होते, कोण जाणे.

उजाडल्यावर डॉक्टर बाहेर आला. "हात गरम व्हायला लागलेत," एवढंच म्हणाला. आम्ही आत गेलो. गयाबाई बसलेली होती, ओठांचा रंग परत आला होता. आम्हाला पाहून तिने डोळे उघडले, आणि मग तिचा चेहरा हळूहळू वाकडा होत गेला. तिने डावा हात उराशी धरला आणि मोठ्यांदा विव्हळायला सुरुवात केली.

"लई दुखून राहिलंय वो," ती रडत म्हणाली. "आग होऊन राहिली नुसती."

डॉक्टरने माझ्याकडे पाहून हलकेच मान डोलावली. मी हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

"हसता काय बाई? जीव चाललाय माझा. चाचा, काई तरी करा की."

इमामसाब लेकराला घेऊन खाटेजवळ गेले. "कुठवर हाय?" त्यांनी विचारलं.

"खांद्याला."

"राहू दे," इमामसाब म्हणाले, आणि लेकरू तिच्या उजव्या कुशीत दिलं. "आज तितंच राहू दे, माय."